शेकरमध्ये नेमकं काय विरघळतंय?

सदाशिव पेठेतली अभ्यासिका असो की कोथरूडमधली जिम, बॅगेतून डोकावणारा शेकर पुण्यात आता नवा राहिलेला नाही. प्रोटीन पावडरच्या जोडीला हमखास दिसतो तो बीसीएएचा डबा. रंगीत पाणी, कलिंगडाची चव आणि ‘मसल रिकव्हरी’चा दावा! पण याची गरज किती आणि त्यात धोका काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी गरज बघू. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. शरीर स्वतः बनवू शकत नाही, अशी एकूण नऊ अमिनो आम्लं आहेत. ल्युसिन स्नायूंच्या बांधणीला चालना देतं, हे खरं. पण बांधकामाला बाकीचा मालही लागतोच, नुसत्या तिघांवर भागत नाही. दूध, अंडी, पनीर, चिकनमध्ये ही नऊच्या नऊ मिळतात. शाकाहारी मेसवाल्यांनीही काळजी करू नये. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भात एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. फक्त वरण नावापुरतं पातळ नको!

आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे ६० किलो वजनाला साधारण ५० ग्रॅम. भरपूर व्यायाम असेल तर गरज वाढते. तरीही राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असंच म्हटलंय.

आता धोका. निरोगी तरुणानं ठरलेल्या मात्रेत बीसीएए घेतलं तर सहसा गंभीर त्रास होत नाही. फार तर मळमळ होते, पोट बिघडतं. किडनी किंवा यकृताचा आजार असेल, नियमित औषधं सुरू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

खरी मेख पुढेच आहे. लेबलवर लिहिलंय तेच डब्यात आहे का? केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. त्यातल्या २५ पावडरींचं लेबल आणि आतला माल जुळत नव्हता. प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो. त्यामुळे ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढतं. याला म्हणतात ‘अमिनो स्पायकिंग’. म्हणजे जे अमिनो आपण आरोग्यासाठी विकत घेतो, तेच भेसळीलाही कामी येतं.

शुद्धतेचा प्रश्न फक्त पैशांचा नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन घेणारे हजाराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावलेही. एका कंपनीच्या मालातल्या अशुद्धीवर त्याचा ठपका आला.

म्हणून घ्यायचंच असेल, तर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा आणि तो त्यांच्या वेबसाइटवर पडताळा. सुटी पावडर घेऊ नका. पक्कं बिल मागा. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ट्रेनर व्यायाम शिकवतो. पण तोच डबाही विकत असेल, तर त्याचा सल्ला जरा तपासूनच घ्या.