चिमुकल्या कृकलासाचीं हाडें

चाळीस वर्षें आम्हीं मुलांकडून अमरकोश पाठ करून घेतला. त्यांत 'सरट' आणि 'कृकलास' हीं नांवें शेजारीं शेजारीं येतात. एकच गाय चुकून दोनदां दान दिल्यामुळें नृग राजास कृकलासाचा जन्म आला आणि विहिरींत पडून राहावें लागलें, ही भागवतांतील कथाही आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली. परंतु हा कृकलास खातो काय, असें एकाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि आम्हीं स्वतःसही विचारलें नाहीं. त्या अज्ञानाची किंमत गेल्या पावसाळ्यांत एका मुक्या जीवास द्यावी लागली. म्हणून हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही मुलुंडास राहतों. शेजारच्या बिऱ्हाडांतील आठ वर्षांच्या बटूस त्याच्या मामानें मुंजींत एक पिलूं भेट दिलें. तें शॅमेलिऑनचें, येमेन आणि सौदी अरेबिया या देशांकडील जातीचें होतें. मोठेपणीं या जातीच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा येतो. तेव्हां मात्र तें आमच्या बोटाएवढें होतें. दोन दिवसांनीं मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, हा कांहींच जेवत नाहीं." त्याच्या आजीनें भाताचीं शितें ठेवून पाहिलीं होतीं. आम्हीं विद्वत्ता दाखविली. दुधांत कॅल्शियम असतें, वाढत्या जीवास तें हवेंच, तेव्हां कापसाच्या बोळ्यानें दूध पाजावें, असें सांगितलें! ज्या जातीचें पिलूं अंड्यांतून बाहेर पडतें आणि आईचें मुखही न पाहतां स्वतःचें अन्न स्वतः पकडतें, त्याला दूध कोठून ठाऊक असणार, एवढा विचार आमच्या मनांत आला नाहीं.

पुढें मुलाच्या वडिलांनीं रातकिडे आणले, पिलूं खाऊं लागलें, वाढूंही लागलें, आणि आम्ही सर्व निश्चिंत झालों. दोन महिन्यांनीं तें फांदीवरून पडलें. पुढचा एक पाय धनुष्यासारखा वांकला होता, जबडा बोटाला मऊ लागत होता, आणि किड्यावर झडप घालणारी ती लांब जीभ अर्ध्यावरच थबकत होती. पशुवैद्यांनीं क्ष-किरणांनीं चित्र घेतलें. जीं हाडें पांढरीं शुभ्र दिसावयाचीं, तीं धुक्यासारखीं फिकट होतीं. ते म्हणाले, "मास्तर, याला अन्न मिळालें, पण कॅल्शियम मिळालें नाहीं, आणि जें थोडें मिळालें, तें प्रकाशावांचून अंगीं लागलें नाहीं."

त्यांनीं समजावून दिलें तें असें. रातकिड्यांच्या शरीरांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फारच थोडें. या प्राण्याच्या आहारांत मात्र कॅल्शियमचें प्रमाण फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावें लागतें. तें न मिळालें म्हणजे, देणें फेडण्यासाठीं कुणीं घराचे वासे विकावे, तसें शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढूं लागतें. आपल्या मुलांना होणारा मुडदूस याच कुळांतला. 1919 सालीं मेलनबी या इंग्रज संशोधकानें कुत्र्याच्या पिलांत आहारानें मुडदूस उत्पन्न करून दाखविला. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें हुल्डशिन्स्की या डॉक्टरानें मुडदूस झालेलीं मुलें नुसत्या नीलातीत किरणांच्या दिव्यानें बरीं केलीं. त्या किरणांनीं कातडींत 'ड' जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्यावांचून खाल्लेलें कॅल्शियम शरीरांत नीट शोषलें जात नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. लहान पिलास दिवसांतून दोनदां, त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसतील असे किडे द्यावे. फळांवरच्या बारीक माश्या आणि रातकिड्यांचीं पिलें योग्य. घरांतील झुरळें देऊं नयेत. इमारतींत फवारलेलें विष त्यांच्या पोटांत असूं शकतें. किडे देण्यापूर्वीं एक दिवस त्यांनाच चांगलें खाऊं घालावें. शेवग्याचीं पानें यासाठीं उत्तम, कारण त्यांत दुधाहून कितीतरी अधिक कॅल्शियम असतें. पालक टाळावा, त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतें. मग किडे झांकणाच्या बरणींत घालून, वर कॅल्शियम कार्बोनेटची फॉस्फरसविरहित बारीक पूड भुरभुरावी आणि बरणी हलकेच हालवावी. पिलास जवळजवळ प्रत्येक वेळीं असे घोळलेलेच किडे द्यावे. 'ड' जीवनसत्त्व मिसळलेली पूड मात्र पंधरवड्यांतून एकदां, पशुवैद्यांच्या सल्ल्यानेंच. तिचा अतिरेक झाला, तर कॅल्शियम हाडांऐवजीं मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत सांचतें.

येथें एक इशारा. विड्याचा चुना वापरूं नये. तो दाहक असतो, कोवळें तोंड भाजेल. शाळेंतला खडूही नको. आजचा खडू बहुधा जिप्समचा असतो. जन्मभर ज्या खडूच्या धुळींत आम्हीं काढलीं, तोही येथें उपयोगी पडला नाहीं!

प्रकाशाविषयींची चूक तर आमच्या उपनगरांत प्रत्येक घरीं होण्यासारखी आहे. पिलाचा पिंजरा खिडकीशीं होता, ऊन अंगावर पडत होतें, आणि तेवढें पुरे असें आम्ही समजत होतों. परंतु खिडकीची कांच नेमके हवे तेच किरण अडविते. पिंजरा जाळीचा असावा, सकाळच्या कोंवळ्या उन्हांत सज्जांत ठेवावा, आणि त्यांत सावलीची जागा असावी. कांचेच्या पेटींत उन्हांत ठेवल्यास प्राणी तापून मरतो. पावसाळ्यांत आठ आठ दिवस सूर्यदर्शन नसतें. तेव्हां नीलातीत किरणांची खास नळी लावणें भाग पडतें. ती डोळ्यांना उजळ दिसली, तरी तिचे उपयोगी किरण कांहीं महिन्यांनीं क्षीण होतात. म्हणून ती ठराविक मुदतीनें बदलावी. पाणी वाटींत ठेवून हा प्राणी सहसा पीत नाहीं. पानांवर शिंपडलेले थेंब तो चाटतो.

आणखी एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. आपल्याच देशांत या कुळांतला सरडगुहिरा आढळतो. गांवाहून येतांना तो झुडपावर दिसला, तर मुलांच्या हौसेखातर डब्यांत घालून आणूं नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. त्याला पकडणें अथवा पाळणें हा गुन्हा आहे. जखमी आढळल्यास वनखात्यास 1926 या क्रमांकावर कळवावें. परदेशी शॅमेलिऑनचीही सरकारदरबारीं नोंद करणें 2022 च्या दुरुस्तीपासून आवश्यक झालें आहे. आमच्या शेजाऱ्यांनीं ती आतां केली आहे.

पिलूं वांचलें. औषधानें जबडा घट्ट झाला, जीभ पुन्हां नेमानें लक्ष्यावर पडूं लागली. आमच्या शेजारच्या सोंवळ्याच्या घरांत आज रातकिड्यांची बरणी आहे. प्रथम नाक मुरडणारी आजीच आतां शेवग्याचीं पानें निवडून ठेवते. जीव जीवावर जगतो, हें तिनें आमच्याआधीं स्वीकारलें. परवां मुलानें विचारलें, "आजोबा, त्याचा पाय सरळ होईल ना?" आम्हीं खरें तेंच सांगितलें कीं, नाहीं, तो वांकडाच राहील. तो थोडा वेळ गप्प बसला. मग फांद्या जरा खालीं आणि जवळ जवळ बांधूं लागला.

पाटीवरचें चुकलेलें उत्तर पुसून दुसरें लिहितां येतें. हाडाचें तसें नसतें. ज्या घरांत एखादा नवा जीव यावयाचा असेल, तेथें वडील माणसांनीं तो येण्यापूर्वींच विचारावें कीं, हा खातो काय, आणि याला ऊन कोठून मिळणार? आमच्यासारखें उत्तर ठाऊक असल्याचें सोंग मात्र करूं नये.