सहल वर्गातून निघू दे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की शिक्षकांच्या खोलीत पहिला विषय निघतो तो सहलीचा. यंदा कुठे जायचे, वर्गणी किती काढायची, एसटी करायची की खासगी गाडी. याच दिवसांत, 19 ते 25 नोव्हेंबर, जागतिक वारसा सप्ताह असतो. आता त्याला वेगळे महत्त्व आले आहे. 11 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. त्यामुळे या हिवाळ्यात शाळांच्या गाड्या किल्ल्यांकडे वळणार हे उघड आहे. ही आनंदाचीच गोष्ट. मात्र गाडीतून उतरलेली मुले तिथे काय पाहणार आहेत, हा प्रश्न गाडी ठरवण्याआधी विचारला गेला पाहिजे.

आजच्या सहलीचा साचा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पहाटे चारला निघायचे, दोन दिवसांत सहा ठिकाणे उरकायची, किल्ल्यावर दीड तास, देवळात अर्धा तास, संग्रहालय वेळेअभावी बाहेरूनच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वॉटर पार्क. मुले खूश होतात, व्हायलाच हवीत. गाडीतल्या भेंड्या आणि मैत्रिणीच्या डब्यातली चटणी आयुष्यभर आठवते आणि त्या आठवणीचे मोल कमी नाही. पण या सगळ्याला ‘शैक्षणिक’ म्हणायचे तर कोणत्या इयत्तेचा कोणता धडा त्या गाडीत बसला होता, हे मुख्याध्यापकांना सांगता यायला हवे. बहुतेक ठिकाणी ते सांगता येत नाही, कारण ठिकाणे वर्गात ठरत नाहीत, ती टूरवाल्याच्या पत्रकावरून ठरतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. नळदुर्गची मुले बसने अलिबागला निघतात, वाटेत बदलत जाणारी जमीन, पिके, घाट पाहतात, प्रश्न विचारतात, नोंदी करतात. पाठ मनापासून लिहिलेला आहे. पुढे स्वाध्यायात क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा, कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा, सोबत कोणते साहित्य न्याल ते लिहा, असे प्रश्न आहेत. आणि राज्यभरातली मुले त्यांची उत्तरे गाइडमधून पाठ करतात. कारखान्याचे फाटक न पाहिलेली मुलगी कारखान्यासाठीची प्रश्नावली अचूक लिहिते आणि तिला पूर्ण गुण मिळतात. ज्या पाठाचा सारा हेतू मुलांना वर्गाबाहेर नेणे हा होता, तोच पाठ बाकावर बसून घोकला जातो. आपल्या शिक्षणातली याहून दुखरी जागा दाखवणे अवघड आहे.

सहलीतून मुले खरोखर शिकतात का आणि कधी शिकतात, याचा अभ्यास जगात झालेला आहे. अमेरिकेत जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्येच दाखवले की अगदी अनोळखी जागी नेलेल्या मुलांचे लक्ष त्या जागेच्या नवलाईतच गुंतून पडते आणि नेमून दिलेला विषय बाजूला राहतो. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचे नीर ओरियन यांनी भूगर्भशास्त्राच्या सहलींवर काम करताना हेच अधिक बारकाईने मांडले. मुलाला तिथला विषय नवा असतो, ती जागा नवी असते आणि दिवस कसा जाणार, पाणी कुठे मिळेल, चालायचे किती, हेही माहीत नसते. हे तिन्ही नवखेपण निघण्याआधी वर्गात जितके कमी कराल, तितके मूल तिथे पोचल्यावर पाहू लागते. म्हणून त्यांच्या आराखड्यात आधीची तयारी, प्रत्यक्ष भेट आणि परतल्यावरची उजळणी असे तीन भाग आहेत आणि भेट हा त्यातला मधला भाग आहे. आपण मधलाच भाग तेवढा करतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसेल, ते पाहायला जुन्नर तालुका घेऊ. चौथीच्या मुलांना शिवराय शिकवतात, त्यांचा जन्म 1630 मध्ये शिवनेरीवर झाला. सहावीच्या इतिहासात सातवाहन येतात, आणि त्यांचा नाणेघाट याच तालुक्याच्या कड्यावर आहे. कोकणातल्या बंदरांकडून घाटावर येणारा माल या खिंडीतून चढत असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेले लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत, कुठे शेकड्यांत तर कुठे हजारांत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी हे एक. लेख आता बराच झिजला आहे.

कोणतीही तयारी न करता मूल तिथे उभे राहिले तर त्याला काळी, ओबडधोबड भिंत दिसेल आणि ते मिनिटभरात बाहेर जाऊन दरीचा फोटो काढील. पण समजा, आठ दिवस आधी गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले की आज शून्य वापरायचे नाही, शून्याशिवाय सतराशे लिहून दाखवा. मुले धडपडतील. दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी आणखी वेगळी अशी काहीतरी युक्ती कोणीतरी काढेल. मग शिक्षकांनी फळ्यावर ब्राह्मी अंक काढावेत: दहाची, वीसची, शंभराची, हजाराची स्वतंत्र चिन्हे. स्थानिक किमतीची पद्धत तेव्हाच्या लेखनात नव्हती, हे मुलांना स्वतःच्या धडपडीतून समजलेले असेल. तीच मुले त्या लेण्यात शिरली की भिंतीवर हजाराचे चिन्ह शोधू लागतील. एकाला ते सापडेल, दुसरा म्हणेल हे ते नव्हे, आणि तिथे खरा वाद होईल. पहिलीपासून ज्या शून्याला ती गृहीत धरत आली, त्या शून्याची किंमत त्यांना तिथे कळेल. इतिहास, भूगोल आणि गणित एका भिंतीपाशी येतात, पण त्यासाठी तीन विषयांच्या शिक्षकांनी आधी एकत्र बसावे लागते.

याच तालुक्यात खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जवळून पाहिले की मुले हमखास विचारतात, हिला इतकी भोके कशी? ती तबकडी बारीक तारांच्या जाळीची आहे. प्रकाश त्या जाळीतून आरपार जातो, पण तिथे झेलायचे असलेले रेडिओ तरंग जाळीच्या छिद्रांच्या मानाने इतके लांब असतात की त्यांना ती जाळी अखंड आरशासारखीच असते. तरंगलांबी म्हणजे काय, हे मुलाला एकदा असे कळले की ते विसरत नाही. पाहायला आधी पत्र देऊन वेळ घ्यावी लागते, मोबाइल बंद ठेवावे लागतात, आणि का ठेवावे लागतात हासुद्धा एक धडाच आहे.

आता मोह असा होईल की शिवनेरी, नाणेघाट आणि खोडद, तिन्ही एका दिवसात. कृपया तसे करू नये. चौथीने शिवनेरी पाहावा, सहावीने नाणेघाट, नववी-दहावीने दुर्बीण. एका वर्गाने एकच ठिकाण, पण सकाळपासून दुपारपर्यंत पाहावे. शिवनेरीवर सात दरवाजे चढून जाताना प्रत्येक दरवाज्यापाशी थांबून हत्ती किंवा घोडेस्वार इथून कसा आत आला असता हे मुलांनी सांगावे, वर गेल्यावर पाण्याची टाकी मोजावीत, इतक्या उंचावर पाणी कुठून येते ते शोधावे. युनेस्कोने या किल्ल्यांची निवड केली ती त्यांच्या जागा हेरण्यातल्या आणि बांधण्यातल्या लष्करी बुद्धीसाठी. ती बुद्धी घोषणांच्या गजरात दिसत नाही, पायऱ्या आणि टाकी मोजताना दिसते.

सगळ्या शाळांना जुन्नर जवळ नाही, हे मान्य. पण दूध संकलन केंद्र कोणत्या तालुक्यात नाही? आठवीच्या वर्गाला सकाळी सहाला तिथे न्यावे. शेतकरी किटली टेकवतो, केंद्रचालक नमुना घेतो, यंत्रात घालतो, आणि फॅट, एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन घटक) व दर छापलेली चिठ्ठी बाहेर येते. गायीच्या दुधाचा दर ज्या प्रमाणावर बांधला जातो ते 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ. त्याखाली आले की पैसे कापले जातात. त्या चिठ्ठ्यांवरून मुलांनी हिशेब करावा, कोणाचे किती कापले गेले, दूध पातळ का झाले, घनता कशी मोजतात, दर कोण ठरवते, संघाचे सभासद कोण. शेकडेवारी, घनता आणि सहकार हे तीन धडे त्या पत्र्याच्या शेडमध्ये तासाभरात होतात, आणि वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरातलीच किटली तिथे आलेली असते. आपल्या आईबापाच्या कष्टाचा हिशेब मुलाने शाळेच्या गणितातून मांडावा, याहून मोठी शैक्षणिक सहल मला ठाऊक नाही.

ही वाट मराठी शिक्षणाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस केली आहे. असे दहा दिवस कागदावर असताना एकच मोठी सहल आणि तीही परजिल्ह्यात, हा हट्ट का?

या हट्टाचा फटका कोणाला बसतो तेही पाहिले पाहिजे. वर्गणी हजाराच्या वर गेली की ‘मला गाडी लागते’ असे सांगून घरी राहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना गाडी लागत नाही, हे शिक्षकांनाही ठाऊक असते. एसटी शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देते, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. तरीही मुक्काम आणि मनोरंजनाच्या खर्चाने आकडा फुगतो. पायी किंवा एका दिवसात होणारी भेट ठरवली तर वर्गातले एकही मूल मागे राहत नाही.

शिक्षकांची भीतीही खरी आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर परवानग्या आणि हमीपत्रांचे कागद वाढले. सुरक्षेचे नियम हवेतच. पण सगळी जोखीम एकट्या मुख्याध्यापकाच्या डोक्यावर टाकणारी व्यवस्था असेल तर तो सहलच टाळेल किंवा सगळे टूरवाल्यावर सोपवून मोकळा होईल. शिक्षकाने आधी एकदा जाऊन जागा पाहून येणे, पाणी, स्वच्छतागृह, धोक्याच्या कडा नोंदवणे, हे कोणत्याही हमीपत्रापेक्षा मोलाचे आहे. त्या पाहणीसाठी त्याला कर्तव्यरजा आणि प्रवासखर्च मिळायला हवा. हा खर्च आज त्याला बहुधा पदरमोड करून करावा लागतो.

शिक्षण विभागाने दोन गोष्टी याच वर्षी कराव्यात. सहलीच्या परवानगीच्या अर्जात इयत्ता, विषय आणि पाठ यांचा रकाना सक्तीचा करावा. आणि दहावीच्या भूगोलातला क्षेत्रभेटीवरचा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या भेटीवर विचारावा, मग ती भेट गावच्या बाजार समितीची का असेना. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच की गाडी ठरवण्यापूर्वी शिक्षकांची एक बैठक घ्या, पाठ्यपुस्तके समोर ठेवा आणि ठिकाण त्यातून निवडा.