फवारा यंत्राचा, फुप्फुस मजुराचे

मृगापूर्वी छप्पर साफ करून घेणे ही सोलापूरची जुनी रीत आहे. माळवदाची घरे होती तेव्हा पांढऱ्या मातीचा थर नवा केला जाई. पत्र्याची घरे आली तेव्हा पन्हळी मोकळ्या करणे आणि हुकांखालचे झिजलेले वॉशर बदलणे सुरू झाले. गरज खरी होती आणि आजही आहे. फरक इतकाच, की या गरजेचा आता धंदा झाला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरीच्या कारखान्यांवर आणि भोवतालच्या वस्त्यांतील घरांवर कापसाचे तूस, बॉयलरची काजळी आणि पावसाळ्यातले शेवाळ यांचा थर बसतो. तो काढून देणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. धंद्याला हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती या धंद्यातील साधने कोणत्या हिशेबाने निवडली जातात याला. छप्पर कशाचे आहे, वर कोण चढणार आणि खाली कोण राहते, हे तीन प्रश्न बाजूला सारून ‘तासात किती चौरस फूट?’ एवढा एकच प्रश्न विचारला जात असेल, तर त्या हिशेबाचा जमाखर्च मांडलाच पाहिजे.

पहिला प्रश्न छपराचा. जुन्या शेडवर आणि कामगारांच्या घरांवर जो करडा, नागमोडी ‘सिमेंटचा पत्रा’ दिसतो, तो नुसत्या सिमेंटचा सहसा नसतो. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो. पत्रा शाबूत असेतो हा तंतू सिमेंटमध्ये बांधलेला राहतो. पण वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने वरचा सिमेंटचा पापुद्रा झिजतो आणि तंतू उघडे पडतात. अशा पत्र्यावर तारेचा ब्रश चालवणे किंवा शंभर बारहून अधिक दाबाचा उघडा फवारा मारणे म्हणजे शेवाळाबरोबर पत्र्याची कातडीही सोलून काढणे होय. पत्रा तासाभरात नवा दिसू लागतो, याचे कारण त्याचा जुना थर निघून गेलेला असतो! गिऱ्हाईक ज्याला स्वच्छता म्हणून पैसे मोजते, ती प्रत्यक्षात झीज असते.

सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग निर्माण करते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निःसंदिग्ध निष्कर्ष आहे. ब्रिटनने 1999 मध्ये उरलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली; युरोपीय संघात 2005 पासून ती सर्वत्र लागू झाली. भारतात मात्र हे पत्रे आजही कायदेशीरपणे तयार होतात आणि विकले जातात. या रोगांचे वैशिष्ट्य असे, की ते वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतात. आज पंचविशीत फवारा धरणारा तरुण पन्नाशीत धापा टाकू लागेल, तेव्हा त्याला त्या छपराची आठवण असेलच असे नाही. ठेकेदाराचा ठावठिकाणा तर त्याहून नसेल.

दुसरा प्रश्न खंगाळणीचा. धुतल्यावर पाणी जाते कुठे? वळचणीवरून ते अंगणात, बोळात, उघड्या गटारात उतरते. ओले असताना तो निरुपद्रवी चिखल वाटतो. ऊन पडले की तोच चिखल धूळ होतो आणि त्या धुळीत मुले खेळतात. शेवाळ मारण्यासाठी ब्लीचिंगचे द्रावण वापरले असेल तर ते जस्ताच्या पत्र्याचा मुलामा खाते, आणि छपरावरचे पाणी टाकीत उतरत असेल तर पिण्यात येते. त्यावर पुन्हा डाग निघत नाहीत म्हणून कोणी ॲसिड ओतले, तर ब्लीचिंग आणि ॲसिड मिळून क्लोरीन वायू सुटतो. ज्या शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर वर्षे काढली, तेथे मिनिटाला दहा लिटर ओतणारे यंत्र तासाला सहाशे लिटर पाणी गटारात सोडते, हाही हिशेबातला एक आकडा आहे.

आणि खाली कोण राहते? या औद्योगिक वसाहतीत घर आणि कारखाना यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, ते 18 मे 2025 च्या आगीने दाखवले. एका टॉवेल कारखान्यात त्या दिवशी आठ जणांचा अंत झाला. मृतांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती, तशीच कामगाराच्या कुटुंबातीलही होती. कारखान्याच्या छपराखाली जिथे संसार चालतात, तिथे छपरावरचे काम हे केवळ ‘देखभालीचे काम’ राहत नाही.

तिसरा प्रश्न चढणाऱ्याचा. झिजलेला सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. पत्र्यांमध्ये बसवलेले उजेडाचे प्लास्टिक पत्रे तर काजळीखाली ओळखूही येत नाहीत. पाय पडला की मजूर थेट खालच्या मागावर किंवा फरशीवर आदळतो. यावर उपाय महागडा नाही. खालच्या लोखंडी आधारावर टेकणाऱ्या लांब फळ्या, कैचीला पक्का बांधलेला दोर, कमरेऐवजी सर्वांगाचा पट्टा आणि शक्य तिथे खाली जाळी. ही साधने हजारांत येतात. यंत्रासाठी कर्ज काढणारा धंदेवाईक फळीसाठी मात्र हात आखडतो, कारण फळीने चौरस फूट वाढत नाहीत.

यावर नेहमीचे उत्तर असे, की मजूरच पट्टा बांधायला तयार नसतो. हे उत्तर देणाऱ्यांनी मजुरीची पद्धत पाहावी. मोबदला क्षेत्रफळावर आणि दोर बांधण्याचा वेळ बिनपगारी असेल, तर पट्टा न बांधणे ही मजुराची बेफिकिरी नसून त्याच्यावर लादलेला हिशेब आहे. रोजाने पूर्ण दिवसाची मजुरी द्या, दोर बांधण्याचा तास कामात धरा आणि मग कोण पट्टा नाकारतो ते पाहा!

कायदा कुठे आहे? 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. तोच पत्रा धुणाऱ्या मजुराच्या नावाची चाळीस दिवसांची हजेरीही कुठे सापडत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तर दार आणखी लोटून घेतले आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली, कंत्राटी कामगारांची वीसवरून पन्नासवर गेली आणि स्वतःच्या राहत्या घराचे पन्नास लाखांपर्यंतचे काम बांधकामाच्या व्याख्येतूनच वगळले गेले. एक शिडी, एक पंप आणि तीन माणसे अशी ही टोळी यांपैकी कोणत्या कलमात बसते? कुठल्याच नाही. कायद्याला जो दिसत नाही, तोच सर्वांत उंच चढतो.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. यंत्रावर बंदी घाला ही मागणी आळशीपणाची आहे. यंत्र छपरानुसार वापरा ही मागणी कामाची आहे. काँक्रीटच्या गच्चीला आधी कोरडा झाडू, मग ब्रश आणि बादली पुरते. जस्ताच्या पत्र्याला बेताचा दाब चालतो, पण पाणी मोभाकडून वळचणीकडेच सोडावे. उलटा फवारा जोडांतून घरात पाणी घुसवतो. टाकीची जोडणी आधी तोडावी आणि औषधाचा वास जाईपर्यंत खंगाळून झाल्यावरच ती जोडावी. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला मात्र शक्यतो हातच लावू नये. गळत असेल तर अख्खा पत्रा भिजवून, न फोडता उतरवावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि धोकादायक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा. धुणे अटळच असेल तर शेतकऱ्याच्या पाठीवरच्या पंपाने हलके भिजवून, बाहेर उभारलेल्या मचाणावरून, लांब दांड्याच्या मऊ ब्रशाने धुवावे. पाणी अडवावे, गाळावे आणि गाळ ओला असतानाच बंद पिशवीत भरावा. नाकाला बांधलेला रुमाल हा तंतू अडवत नाही. त्यासाठी योग्य दर्जाचा मुखवटा लागतो आणि त्याचा खर्च काम सांगणाऱ्याचा.

हे सर्व करून घेणे एकट्या मजुराच्या आवाक्यातले नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी सभासदांना याची सक्ती करावी, महापालिकेने अशा टोळ्यांची नोंदणी करावी, आणि कामगार संघटनांनी महागाई भत्त्याच्या शेजारी छपराचे कलम मागणीपत्रात लिहावे. नीलमनगर-सुनीलनगरातील कार्यकर्त्याने पुढील मृगापूर्वी आपल्या बोळातील छपरे मोजावीत: सिमेंटची किती, जस्ताची किती, गच्च्या किती. ती यादी हाती असेल तर ठेकेदाराला शिडी लावण्यापूर्वी थांबवून जाब विचारता येईल.