केसांवर आधी काय झालंय, हे कोण विचारणार?

माझ्या भाचीच्या निकाहाला नऊ दिवस उरले होते. संध्याकाळी ती ओढणी न काढताच थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "खाला, तुम्ही आधी दार लावा." ओढणी बाजूला झाली तेव्हा कानामागचे केस बोटभर लांबीवर तुटलेले दिसले. उरलेल्या केसांवरून मी हात फिरवला, तर ते भिजलेल्या शेवयांसारखे ताणले जाऊन हातात आले.

झालं होतं असं. पोरीचे केस जन्मापासून कुरळे. "फोटो नीट यायला हवेत" असं चारचौघींनी म्हटलं म्हणून तिने रिबाँडिंग करून घेतलं. आठ दिवसांनी त्याच पार्लरमध्ये ब्लीच करून सोनेरी बटा काढल्या. पार्लरवालीने पैसे सांगितले, वेळ सांगितली. हे केस दुसरा मार झेपतील का, हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नाही. आठ दिवसांपूर्वी तिच्याच हातांनी ते सरळ केले होते, तरीही.

घरात दोन प्रकारचे सल्लागार हजर झाले. एक म्हणाले, "ही फॅशनची सजा आहे." दुसऱ्या आल्या शेजारच्या आपा, हातात काळ्या मेहंदीचं पाकीट. "हे लाव, सगळं झाकलं जाईल. नॅचरल आहे, वर हलालही लिहिलंय." माझं भांडण या दोघांशी आहे.

सजा म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते. केस रंगवणं आपल्या घरांत आजचं नाही. आजी, फुफी, मामू, सगळ्यांच्या डोक्याला मेहंदी लागलेली आपण पाहिली आहे. काळा रंग चालतो की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला प्रश्न असेल त्याने आपल्या आलिमला विचारावं. पण केस तुटले ते गुनाहमुळे नाही, रसायनामुळे. रसायनाची चूक वाज देऊन दुरुस्त होत नाही. आणि पोरगी शरमेने दार लावून बसली, तर पुढच्या पोरीला कोणी सावध करणार नाही.

मी केमिस्ट्रीची शिक्षिका नाही, उर्दू-मराठी शिकवते. पण वाचता येतं, म्हणून वाचलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याला आकार आणि ताकद देणारे गंधकाचे बंध असतात. रिबाँडिंगमध्ये हेच बंध रसायनाने तोडतात, इस्त्रीने केस ताठ करतात आणि मग ते बंध पुन्हा जोडतात. सगळे काही पुरते जोडले जात नाहीत. त्यावर ब्लीच म्हणजे पुन्हा केसाचं वरचं आवरण उघडायचं आणि आतला मूळ रंग जाळायचा. एकदा उसवून शिवलेलं कापड आठ दिवसांत पुन्हा उसवल्यासारखं आहे हे.

कुरळ्या केसाचं तर आधीच नाजूक असतं. टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत लवकर पोहोचत नाही, म्हणून तो कोरडा राहतो आणि वळणावरच तुटतो. यात त्या केसाचा दोष काही नाही. रिश्ता बघायला येणाऱ्यांनी पोरीच्या केसांवर शेरा मारायचा आणि पोरीने तीन तास खुर्चीत बसून तो शेरा पुसायचा, हा रिवाज आपणच पाळतोय.

आता आपांचं पाकीट. खऱ्या मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा असतो. तो चढायला तास लागतात आणि तो काळा कधीच होत नाही. मेहंदीनंतर वेगळी निळीची पानं लावली तर काळपट छटा येते, पण ते दोन टप्प्यांचं काम आहे. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणाऱ्या 'मेहंदी'त काम करतं ते बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २००६ साली त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक पदार्थ' ठरवलं होतं. सगळ्यांनाच त्याचा त्रास होतो असं नाही. पण ज्याला एकदा अ‍ॅलर्जी जडली त्याची ती सहसा जात नाही. टाळूला फोड येतात, पापण्या सुजून डोळे मिटतात.

आणि हलालचा शिक्का? त्यात कोणत्या वस्तू वापरल्या, एवढंच तो सांगतो. केस तुटणार नाहीत, टाळू भाजणार नाही, असं तो सांगत नाही. 'अमोनिया नाही' या ओळीचंही तेच. अमोनियाच्या जागी बऱ्याचदा इथेनॉलमाइन घातलेलं असतं. वास गेला म्हणून काम बदलत नाही. 'हर्बल' या शब्दावर तर मी बोलतच नाही.

पीपीडीसारखे रंग असलेल्या डायवर सावधगिरीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापावी, असा आपल्या देशाचा नियम आहे. आधी चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असा तिचा मजकूर. नववीच्या वर्गात मी असं एक पाकीट वाचायला दिलं. शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली, खिडकीपाशी उजेडात गेली, तरी तिला ती अक्षरं लागेनात. पुढच्या बाजूचं 'नॅचरल' मात्र दारातूनही वाचता येत होतं.

मी रंगाच्या विरोधात नाही. ज्यांना लावायचाय त्यांनी लावावा, पण एवढं हक्काने मागावं.

सरळ करणं आणि रंग, दोन्हींतलं एकच निवडता आलं तर उत्तम. दोन्ही हवंच असेल तर आधी सरळ करून घ्या आणि मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. सरळ केलेल्या केसांवर ब्लीच नको. केसांच्या मूळ रंगाचा किंवा त्याहून गडद, नुसता वर बसणारा सेमी-परमनंट रंग निवडा. डेव्हलपर लागलाच तर किती व्हॉल्यूमचा आहे ते विचारा. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० म्हणजे ३ टक्के. झिजलेली टोकं रंग पटकन शोषतात, म्हणून तिथे शेवटी आणि थोडाच वेळ लावा. पुढच्या वेळी फक्त नव्याने वाढलेल्या मुळांना. कानामागे त्वचेवर थोडा रंग लावून ४८ तास थांबा. आणि आतली एक बट आधी रंगवून ती ताणली जाते का, तुटते का, ते बघा. पूर्वी पाकिटातली मेहंदी लावली असेल तर ते लपवू नका. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात, त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापून तुटू शकतात.

पार्लरवाल्या ताईंना माझं सांगणं आहे. गिऱ्हाईक बसलं की पहिला प्रश्न शेडकार्डाचा नको. "गेल्या वर्षभरात केसांना काय काय लावलंय?" हा हवा. उत्तर ऐकून "आज नाही करणार" म्हणायची हिंमतही हवी. लग्नसराईत ते अवघड जातं, हे मला कळतं. पण नऊ दिवसांत केस उगवून येत नाहीत, हेही तुम्हालाच सगळ्यात जास्त माहीत आहे.

भाचीने पाकीट आपांना परत दिलं. केस खांद्यापर्यंत कापले आणि निकाहात ओढणीखाली तशीच बसली. आता मुळांशी दोन बोटं कुरळे केस आलेत. परवा फोन आला, "खाला, ईदला रंग लावू का?" मी म्हटलं, लाव. आधी कानामागे लाव, दोन दिवस थांब आणि मला फोन कर.