साडी नेसवली कुणी, आणि विचारलं कुणाला?



सप्टेंबर २०२५ मध्ये दशलक्षण पर्व संपून जेमतेम आठवडा झाला आणि आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच साडी झळकायला लागली. पातळ शिफॉनची, मागे मावळतीचं सोनेरी ऊन, केसात फूल, बटा वाऱ्यावर. नव्वदच्या दशकातल्या सिनेमाची नायिका, फक्त चेहरा आपल्या सुनीताताईंचा नाहीतर वर्षावहिनींचा. पहिले दोन दिवस मलाही मजा वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पन्नास फोटोंत कंबर एकच आहे. रंग सगळ्यांचा दोन छटा उजळ. एका काकूंच्या दोन्ही खांद्यांवर पदर होता, आणि त्याखाली बावीस जणींनी ‘सुंदर’ लिहिलं होतं. अहो, कपाटात खऱ्या इरकली आणि पैठण्या डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडल्यात, त्या कधी नेसणार?

पण साडीवरून भांडायला मी बसलेले नाही.

गूगलने २६ ऑगस्टला जेमिनीत फोटो बदलणारं नवं मॉडेल आणलं, ज्याला सगळे ‘नॅनो बनाना’ म्हणतात. आधी लोकांनी स्वतःच्या छोट्या बाहुल्या करून घेतल्या, मग साड्यांची लाट आली. त्यातच इन्स्टाग्रामवर एका मुलीने व्हिडिओ टाकला की तिने दिलेल्या फोटोत हात बाहीने झाकलेला होता, तरी तयार झालेल्या चित्रात हातावरचा तीळ बरोबर दिसतोय. झालं! जो तो घाबरला. ही मॉडेलं झाकलेला भाग अंदाजाने भरतात, त्यामुळे असा योगायोग घडू शकतो, हे शांतपणे ऐकायला कुणी तयार नव्हतं. तेलंगणाचे वरिष्ठ पोलीस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनी जेमिनीच्या नावाने चालणाऱ्या बनावट साइट्सपासून सावध राहा असं सांगितलं. ते कामाचं होतं, पण आपल्याकडे पोहोचता पोहोचता त्याचं रूप बदललं. ‘म्हणून सांगत होतो, मुलींनी फोटो टाकूच नयेत,’ असं घरोघरचे पुरुष म्हणायला लागले, आणि खेद याचा की आपल्यातल्याच काही ज्येष्ठ बायकांनी मान डोलावली.

मला या दोन्ही टोकांचा राग येतो. एक म्हणतं, ‘गंमत आहे, काय होतंय!’ दुसरं म्हणतं, ‘मुलींना घरात बसवा.’ ज्याने फोटो उचलला आणि यंत्रात घातला त्याला एका शब्दाने विचारायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत!

माझ्या भाचीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने. वय सोळा, अकरावीला आहे. एका लग्नातला तिचा साधा सलवार-कमीजमधला फोटो कुणीतरी ग्रुपवरून घेतला, तिला ती साडी चढवली आणि ‘किती गोड दिसते बघा’ म्हणून परत टाकला. तिथून तो दुसऱ्या गावच्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या. चार दिवसांनी माझ्या बहिणीला अनोळखी बाईंचा फोन आला, ‘मुलीचा बायोडेटा पाठवता का? आमच्या पुतण्यासाठी बघतोय.’ यंत्राने पोरीचं वय पाच-सहा वर्षांनी वाढवलं होतं, अंगही भरलं होतं. भाची मला म्हणाली, ‘मावशी, ती मी नाहीच आहे, पण लोक माझं नाव घेतात.’ आता ती कुठल्याही कार्यक्रमात फोटोला उभी राहत नाही. ज्यांनी हे केलं त्यांना बहिणीने विचारलं तर उत्तर आलं, ‘अगं, कौतुकच केलं ना!’

कौतुक करायला चेहरा कुणाचा घेतला? दिलेलं नसताना घेणं याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात, आणि ते चोरीत धरतात. शेजारणीच्या परसातलं लिंबू न विचारता तोडायचं नाही हे आपण मुलांना शिकवतो. शेजारणीच्या मुलीचा चेहरा मात्र लिंबापेक्षा स्वस्त झाला.

मोठ्या लोकांचंही बघा. ‘रांझणा’ हा २०१३चा सिनेमा, त्यात शेवटी नायक मरतो. १ ऑगस्ट २०२५ ला त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा लावली, तेव्हा एआयने शेवट बदलून नायकाला जिवंत केलं. धनुषने आपला स्पष्ट विरोध होता असं जाहीर सांगितलं, दिग्दर्शक आनंद एल. राय यांनीही निषेध केला. हक्क आमचे आहेत, असं निर्माती कंपनी म्हणाली. पुढच्याच महिन्यात ऐश्वर्या राय बच्चन आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा असा वापर थांबवावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तिला संरक्षण दिलं. त्याच सुमाराला आपल्याकडे साड्यांची लाट आली होती. ऐश्वर्याकडे वकील आहेत. अकरावीतल्या मुलीकडे कोण आहे?

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हेही खरं. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच होत नाही, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे कंपनीने विचारायचं, काकूने विचारायची गरज नाही! मला वाटतं तसं असणंही बरोबर आहे, स्वयंपाकघरात सरकार कशाला हवं? पण मग घरातलं माणूस म्हणून काही सभ्यता आपणच ठेवायला हवी की नाही?

‘पूर्वी स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यापुढे फोटो काढायचोच ना?’ असं मला एकीने ऐकवलं. काढायचो. माझ्या आईचाही आहे तसा. पण आई स्वतः वेणी घालून, पावडर लावून, चालत स्टुडिओत गेली होती. पडदा खोटा होता, बसलेली बाई खरी होती आणि बसायला राजी होती.

त्या आधी मार्चमध्ये चॅटजीपीटीवर घिबलीची लाट आली होती, आठवते? निम्म्या लोकांनी त्या जपानी स्टुडिओचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. ‘द विंड राइजेस’ मधल्या चार सेकंदांच्या एका गर्दीच्या दृश्यासाठी तिथल्या चित्रकाराने सव्वा वर्ष हाताने काम केलंय. तेव्हा चित्रकाराला विचारलं नाही, सप्टेंबरात चेहऱ्याच्या मालकिणीला विचारलं नाही. सवय अशीच लागते.

आणि फोटो कुठे जातो तेही ऐका. जेमिनीसाठी गूगलनेच लिहून ठेवलंय की काही संभाषणं माणसं तपासतात, तपासलेली तीन वर्षांपर्यंत ठेवली जाऊ शकतात, आणि गोपनीय काही देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्हिटी बंद करता येते. ज्या ताईंनी माझ्या भाचीचा फोटो घातला त्यांनी ती बंद केली होती का? त्यांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं. स्वतःचा फोटो द्यायचा तर खुशाल द्या, सत्तरीच्या सासूबाईंना नायिका व्हायचं असेल तर त्यांनाही करा, त्या हो म्हणाल्या की झालं. मी काही फोटोंच्या विरोधात नाही. पाच वर्षांच्या नातवाला मात्र विचारून उपयोग नाही, त्याला अजून ‘नाही’ म्हणता येत नाही, तेव्हा त्याचा फोटो द्यायचाच नाही.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी मी लेखी विषय दिलाय. दुसऱ्याचा बदललेला फोटो ग्रुपवर आला तर अ‍ॅडमिनने तो लगेच काढायचा, आणि टाकणाऱ्या बाईने संबंधित मुलीला स्वतः फोन करायचा, मेसेज नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी ठराव?’ मी म्हटलं, सहलीच्या डब्यात कांदा-लसूण नको म्हणून आपण ठराव केलाय, मग हा का नको? अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. तुमच्या मंडळात कुणी असा विषय घेतला असेल तर मला जरूर कळवा.