भाकीत म्हणजे पंचांग नव्हे

युद्ध पेटलं, साथ आली, भूकंप झाला की शेवटच्या दिवसांचा हिशोब मांडणारे पुढे येतात. दानिएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतले आकडे जुळवले की जगाच्या अंताची तारीख निघते, आणि ती ओळखणाऱ्यांनाच देव राखतो, असं ते सांगतात. त्यांची तळमळ खरी असेल. पण त्यांचा हा दावा पवित्र शास्त्रालाच मान्य नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितला. दोन्ही दिवस आले तसे गेले, मागे राहिली ती भोळ्या माणसांची निराशा. अशी तारीख सांगणं हे पाप होतं, असं कॅम्पिंग यांनीच २०१२ मध्ये कबूल केलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की ती घटका पित्याखेरीज कोणालाही, पुत्रालाही ठाऊक नाही. प्रभूला जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला उमगलं म्हणणं, याला विश्वास कसं म्हणावं?

दुसरा पक्ष म्हणतो, ९१व्या स्तोत्रात मरीपासून राखण्याचं वचन आहे, मग औषध आणि खबरदारी हवी कशाला? त्यांनी एवढंच आठवावं की येशूच्या परीक्षेच्या वेळी याच स्तोत्राचा आधार सैतानाने घेतला होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं तो म्हणाला. देवाची परीक्षा पाहायची नसते, असं सांगून येशूने ती उडी नाकारली. यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून येऊ लागले तेव्हा नहेम्याने प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. पहारा ठेवल्याने त्याची प्रार्थना खोटी ठरली नाही.

यावर नास्तिक विचारतील, संकट टळणारच नसेल तर संरक्षण कसलं? हा प्रश्न रास्त आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या तीन तरुणांनी त्याचं उत्तर दिलं आहे: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचा भरवसा सुटकेवर नव्हता, देवावर होता. म्हणूनच राजाला त्यांना धमकावता आलं नाही.

मग भाकीत कशासाठी? यिर्मया संदेष्ट्याकडे पाहा. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, असं गोड भाकीत हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने केलं. ते खोटं ठरलं. यिर्मयाने ७० वर्षं सांगितली, आणि बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलं की तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पुढे यरुशलेमेला वेढा पडला. यिर्मया स्वतः कैदेत होता. तरी त्याने चुलतभावाकडून अनाथोथचं शेत १७ शेकेल रुपं तोलून विकत घेतलं आणि खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला सांगितलं. कारण या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील, हे देवाचं वचन होतं. पुढच्याच वर्षी नगर पडलं. पण इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेलही पडलं, आणि बंदिवानांना परतीची वाट मोकळी झाली.

देवाचं भाकीत माणसाला भिववून घरात कोंडत नाही, ते त्याला उद्यासाठी कामाला लावतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी शेकडो निराधार मुलींना आधार दिला, तो याच भरवशावर. आज ज्यांना देवाच्या संरक्षणाची खात्री आहे, त्यांनी तारखा मोजणं सोडावं, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावं, उपाशी शेजाऱ्याला जेवू घालावं. ज्याचं भविष्य देवाच्या हाती आहे, त्याचे स्वतःचे हात सेवेला मोकळे असतात.