घडविणाऱ्याचे नाव

आदिलाबादच्या ओझा कारागिरांनी ओतलेला पितळेचा मोर अलीकडे हैदराबाद, नागपूर आणि पुणे येथील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत दर्शनी जागी विराजमान झालेला दिसतो, आणि त्याविषयी यजमानांस पृच्छा केली असता तो अस्सल आदिवासी कलेचा नमुना आहे, मेण वितळवून धातू ओतण्याची त्याची पद्धत मोहेंजोदडोच्या नर्तकीइतकी पुरातन आहे आणि प्रदर्शनातल्या दुकानदाराशी घासाघीस करून तो बराच स्वस्तात पदरात पडला आहे, एवढी हकीकत मोठ्या उत्साहाने ऐकावयास मिळते. परंतु तो मोर कोणी घडविला असा साधा प्रश्न केला की यजमानांची मुद्रा अशी काही होते की जणू आपण गैरलागू, किंबहुना किंचित असभ्य असे काही विचारले आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकीची वंशावळ ज्याला मुखोद्गत आहे त्याला गेल्या वर्षी ज्याने मूस भट्टीत घातली त्या माणसाचे नाव ठाऊक नसावे, ही आपल्या संग्राहक वर्गाची एक विलक्षण तऱ्हा आहे.

या तऱ्हेचे समर्थन करणारे एक मत विद्वत्तेचा पेहराव करून नेहमी हजर असते. लोककला ही समूहाची असते, व्यक्तीची नसते. तिचा कर्ता परंपरेत विलीन झालेला असतो. सबब त्याचे नाव शोधीत बसणे म्हणजे शहरी अहंकाराची मापे अरण्यात नेणे होय, असे ते मत. ऐकावयास हे उदात्त वाटते. परंतु या मताची रुजुवात करावयाची तर फार लांब जावयास नको, खुद्द आदिलाबाद जिल्ह्यातच पुरावा उपलब्ध आहे आणि तो नेमका उलट दिशेने बोट दाखवितो.

इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. राजगोंडांपैकी मेसराम कुळाचा हा मोठा उत्सव. गोदावरीचे पाणी झारीत भरून आणण्यासाठी कुळातील मंडळी पायी निघतात, परंतु त्याच्याही आधी बैलगाड्या सिरिकोंड्याला जातात. कारण पूजेचे पाणी आणण्यासाठी आणि नैवेद्य शिजविण्यासाठी लागणारी नवी मातीची भांडी त्या गावच्या कुंभाराकडेच सांगावयाची, असा रिवाज आहे. बाजारात मडक्यांचा तुटवडा आहे म्हणून काही या गाड्या सिरिकोंड्याची वाट धरीत नाहीत. ज्या घरी पूर्वजांनी मडकी सांगितली त्याच घरी ती सांगावयाची, एवढ्यासाठी हा द्राविडी प्राणायाम. पिढ्यान्पिढ्या एकाच उंबरठ्यावर येणाऱ्या यजमानाला कुंभाराचे नाव विचारावे लागत नाही. त्याच्या बापाचे आणि आजाचेही ते त्याला ठाऊक असते. (ही मडकी संग्रहासाठी मागावयास कोणी जाऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. देवाच्या चुलीवर चढावयाच्या भांड्याला काचेच्या कपाटात काहीएक काम नाही.)

ओझा मंडळींचे व्यवहारही फार निराळे असण्याचे कारण नव्हते. उशेगाव, केसलागुडा, चित्तलबोरी यांसारख्या गावांत वस्ती करून राहिलेल्या या ओतकाम करणाऱ्या जमातीचे आश्रयदाते म्हणजे भोवतालचे गोंड आणि कोलाम. दिवे, घंटा, घुंगरे, धान्य मोजावयाची मापे, अंगावरचे दागिने, देवाच्या स्थानावर ठेवावयाच्या वस्तू हे त्यांचे खरे काम. दिवाणखान्यातला मोर आणि हत्ती यांना आजचा भाव आला तो फार पुढे, शहरी गिऱ्हाईक आले तेव्हा. ज्या गोंड पाटलाने आपल्या कुळाच्या देवासाठी घंटा ओतवून घेतली असेल तो कारागिराच्या भट्टीपाशी जाऊन बसत असला पाहिजे, त्याच्याशी हुज्जत घालीत असला पाहिजे, आणि घंटेचा नाद बद्द निघाला तर दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे त्याला पक्के माहीत असले पाहिजे. वस्तू आठवड्याच्या बाजारापलीकडे गेली, मध्यस्थाच्या पोत्यात पडली, एम्पोरियमच्या फळीवर चढली आणि तिला किमतीची चिठ्ठी लागली, तेव्हा कर्त्याचे नाव गळाले. अनामिकता ही परंपरेची देणगी आहे असे आपण समजतो. वास्तविक ती बाजाराची करणी आहे, आणि संग्रहालयांनी तिच्यावर मोहोर उमटविली आहे.

हे काम काय प्रतीचे असते हे जवळून पाहिल्याशिवाय नाव विचारण्याची निकड ध्यानात येणार नाही. प्रथम मातीचा गाभा करावयाचा, तो वाळवून घासून सारखा करावयाचा. मधमाश्यांच्या मेणात राळ आणि थोडे तेल घालून ते तापवावयाचे, मऊसर झाले की बारीक छिद्रांतून दाबून त्याचे लांब धागे काढावयाचे, आणि ते धागे एकाला एक लावून त्या गाभ्याभोवती असे गुंडाळावयाचे की मधे फट राहता कामा नये आणि एकावर एक चढताही कामा नये. मोराच्या मानेवरील वलये, पिसाऱ्यावरील जाळी, डोळ्याची गोळी, सारे या मेणातच सिद्ध होते. पितळ पुढे फक्त त्याची आज्ञा पाळते. मग त्यावर अगदी मऊ मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा, आणि वितळलेल्या धातूला वाट म्हणून एक तोंड. भट्टीत मेण निघून जाते, त्याच्या पोकळीत रस उतरतो, आणि थंड झाल्यावर मातीचा साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागते. साचा फुटला म्हणजे तीच वस्तू पुन्हा होणे नाही. एकाच गावच्या दोन हातांचे मोर शेजारी ठेवून पाहावेत: एकाचा धागा घट्ट व समान बसलेला, दुसऱ्याच्या वळणात थोडी सैल लहर, आणि कधी त्या लहरीतच अधिक जीव. हा फरक हाताचा आहे, जमातीचा नव्हे. आणि जेथे हाताचा फरक आहे तेथे नाव आहे.

उशेगाव ज्या जैनूर मंडलात येते, त्याच मंडलात मारलवाई हे गाव आहे. निजामाच्या अमदानीच्या अखेरीस, १९४० च्या दशकात, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने या गावी राहून राजगोंडांचा अभ्यास केला, त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी आजही मारलवाईत आहे. (जिल्ह्यांच्या २०१६ मधील फेररचनेपासून हा मुलूख सरकारदप्तरी कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो, कलेचे नाव मात्र आदिलाबादचेच राहिले.) बाहेरून आलेल्या या दांपत्याचे नाव त्या गावाने जपले, त्या मुलखातून बाहेर गेलेल्या वस्तूंवरची नावे आपण मात्र वाटेतच टाकून दिली.

आपल्या मराठी मुलखात संग्रहाचा आदर्श म्हणून ज्यांचे नाव प्रथम ओठी येते त्या दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, दौती, गंजिफा, वाड्यांची दारे असा जो अफाट संसार उभा केला, त्याच्याविषयी कृतज्ञतेवाचून दुसरा शब्द काढवत नाही. त्यांनी ते उचलले नसते तर त्यांतील पुष्कळसे मोडीत गेले असते. तथापि शेकडो दिव्यांपुढून हिंडताना, यांपैकी किती तांबटांची आणि ओताऱ्यांची नावे आपल्याला सांगता येतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. स्वतः केळकर कविता लिहीत त्या 'अज्ञातवासी' या नावाने, हा योगायोगही मोठा मौजेचा. जुन्या वस्तूंच्या बाबतीत आता इलाज नाही. हयात कारागिरांच्या बाबतीत मात्र तीच उणीव चालू ठेवण्यास कोणतीही सबब पुरेशी होणार नाही.

या प्रश्नाचा निकाल अन्यत्र कसा लागला हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या नैऋत्य भागातील पुएब्लो जमातींच्या मृत्पात्रांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथेही प्रारंभी संग्राहकांनी गाडाभर भांडी नेली ती जमातीच्या नावाने. ॲरिझोनातील हानो गावच्या नाम्पेयो या कुंभारणीने सिक्यात्की येथील प्राचीन खापरांवरील नक्षी आत्मसात करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी शैली उभी केली. तिला लिहिता येत नव्हते, भांड्यावर सही करण्याचा तिच्या समाजात रिवाज नव्हता, तरीही तिचा हात ओळखू येऊ लागला आणि तिचे नाव भांड्याच्या आधी पोहोचू लागले. न्यू मेक्सिकोतील सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) आणि तिचा पती हुलियन यांनी १९१९ च्या सुमारास, भट्टीवर शेणखत लोटून धूर कोंडण्याच्या जुन्या रीतीतून, काळ्यावर काळी नक्षी उमटविण्याची युक्ती साधली. घडविणारी मारिया, रंगविणारा हुलियन. पुढे तिच्या भांड्यांवर सही येऊ लागली, प्रथम तिच्या एकटीची, मग दोघांची. हुलियन १९४३ मध्ये निवर्तल्यावर सुनेच्या नावासह, आणि नंतर मुलाच्या. आज जाणता संग्राहक भांडे उलटे करून तळाची सही वाचतो आणि ते कोणत्या दशकातले व नक्षी कोणाच्या हातची हे सांगू शकतो. सांता फे येथे १९२२ पासून भरणाऱ्या बाजारात कारागीर स्वतः आपल्या वस्तूमागे बसतो. आणि दुसऱ्याने केलेला माल आदिवासींचा म्हणून विकणे हा अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. एका व्यक्तीचे नाव पुढे आले की तिच्या वस्तूंना भाव येतो, शेजाऱ्यांच्या तितक्याच चांगल्या वस्तू पडून राहतात, आणि ज्या गावात माती, मेण आणि भट्टी यांची देवघेव चालत होती तेथे असूया शिरते. खुद्द मारियाविषयी असे सांगतात की, सही असली की भांडे जास्त किमतीला जाते हे कळल्यावर ती शेजारणींच्या भांड्यांवरही आपली सही करून देऊ लागली. संग्राहकांना हे ऐकून घाम फुटला असेल. मला तर त्यात तिचे थोरपण दिसते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नाव नको असा नाही. सर्वांची नावे हवीत, असा आहे. मेण वळणारी पत्नी, गाभा करणारा मुलगा, ओतणारा बाप, अशी नोंद झाली तर श्रेय एका माणसाच्या डोक्यावर साचणार नाही.

आणि हे आपल्याकडे घडलेलेच नाही असे कोठे आहे? याच ओतकामाच्या बस्तरमधील शाखेत कोंडागावचे जयदेव बघेल हे नावाने जगभर ओळखले गेले. वारली चित्रे लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आली ती जिव्या सोमा मशे यांच्या हातून, आणि २०११ मध्ये पद्मश्रीचा किताब मिळाला तो जमातीला नव्हे, मशे यांना. त्यामुळे वारली कला काही कमी वारली झाली नाही. राजगोंडांच्या गुस्साडी नृत्यासाठी मारलवाईच्या कनक राजू यांना २०२१ मध्ये तोच सन्मान लाभला. नाचणाऱ्याला नाव असते, चितारणाऱ्याला असते. त्याच डोंगरात पितळ ओतणाऱ्याने काय अपराध केला आहे?

आदिलाबादच्या या ओतकामाला, म्हणजेच डोक्रा कामाला, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. बनावट मालापासून गावाच्या नावाचे रक्षण त्याने होईल. पण मानांकन सांगते ते मुलखाचे नाव. माणसाचे नाव सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याची, संग्रहालयाची आणि घेणाऱ्याची राहते. कारागिराच्या खिशात सरकारी ओळखपत्र असू शकते आणि त्याने घडविलेल्या वस्तूला कसलीच ओळख नसते, ही विसंगती दूर करण्यास नवा कायदा, समिती वा अनुदान काही लागत नाही. सरकारी विक्री केंद्रांनी किमतीच्या चिठ्ठीवर घडविणाऱ्या कुटुंबाचे नाव, गाव आणि साल या तीन गोष्टी छापाव्यात. हैदराबाद, नागपूर आणि पुणे येथील संग्रहालयांनी निदान यापुढे दाखल होणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत 'आदिवासी, आदिलाबाद' एवढ्यावर समाधान मानू नये. आणि वाचकांपैकी जे कोणी पुढच्या प्रदर्शनात मोरापाशी थांबतील त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी घडविणाऱ्याचे नाव विचारावे, दुकानदाराला ते सांगता आले नाही तर मोर तेथेच ठेवून पुढे चालू लागावे.